पाऊण तासाचे उड्डाण, तीन वर्षांची हमी

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची शेकडो उड्डाणे दररोज रद्द होऊ लागली आणि उरलेल्या विमानांची तिकिटे गगनाला भिडली, तेव्हा ६ डिसेंबरला केंद्र सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासाठी साध्या वर्गाचे भाडे कर व शुल्के वगळून ७,५०० रुपयांपेक्षा अधिक असू नये, असे त्या आदेशाने ठरले. ही मर्यादा म्हणजे प्रवाशांना मोठा दिलासा, असे त्या वेळी सांगण्यात आले आणि दिल्ली-मुंबईच्या प्रवाशांच्या दृष्टीने ते खोटेही नव्हते. परंतु साधारण एवढ्याच अंतरासाठी एप्रिल २०१७ मध्ये एक निराळा आकडा देशाला सांगण्यात आला होता, याची आठवण त्या गदारोळात फारशी कोणाला झाली नाही. तो आकडा होता २,५०० रुपयांचा. पायात हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई जहाजात बसता यावे, या घोषणेचा तो पाया होता.

या दोन आकड्यांची थेट तुलना करणे अर्थातच योग्य नाही. पहिला संकटकाळातील बाजारभावाला घातलेला लगाम होता, तर दुसरा सरकारी साहाय्यावर चालणाऱ्या मोजक्या आसनांचा दर. ‘उडान’ योजनेतील उड्डाणे डिसेंबरच्या आदेशातून वगळलेलीही होती. तरीही छोट्या शहरातून विमानात बसणाऱ्या सामान्य प्रवाशाचे गेल्या आठ-नऊ वर्षांत नेमके काय झाले, हा प्रश्न या दोन आकड्यांमधूनच उभा राहतो. स्वस्त तिकीट त्याला मिळाले की नाही, यापेक्षा ते तिकीट ज्या विमानाचे आहे ते विमान पुढच्या महिन्यात येणार की नाही, ही त्याची खरी चिंता आहे. दुर्दैवाने आजवरच्या धोरणाने विचार केला तो केवळ पहिल्या प्रश्नाचा.

योजनेची घडण समजून घेतल्याशिवाय हे उमगणार नाही. जून २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणातून ही कल्पना पुढे आली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखविला. त्याच दिवशी कडप्पा-हैदराबाद आणि नांदेड-हैदराबाद हे मार्गही सुरू झाले, म्हणजे महाराष्ट्र या योजनेत अगदी पहिल्या दिवसापासून आहे. विमानातील साधारण निम्मी आसने ठरावीक कमाल दराने विकायची, उरलेली बाजारभावाने, त्यातून कंपनीला जो तोटा होईल तो ‘व्यवहार्यता तफावत निधी’तून भरून काढायचा, हा निधी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभा करायचा आणि त्यात बहुतेक राज्यांनी २० टक्के वाटा उचलायचा, शिवाय अशा विमानतळांवरील इंधनावर राज्याने एक टक्का किंवा त्याहून कमीच कर घ्यायचा, अशी ही रचना. मुंबईहून दिल्लीला जाणारा प्रवासी नांदेडच्या प्रवाशाच्या तिकिटात नकळत भर घालतो, असा याचा अर्थ. त्यात गैर काही नाही. एस.टी. महामंडळाच्या गाड्या आडवळणाच्या गावी जातात, त्याही याच न्यायाने.

मात्र हे साहाय्य आणि त्या मार्गावरील एकाधिकार कंपनीला मिळतो तो तीन वर्षांसाठी. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल, मागणी वाढेल आणि मग मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, असे गृहीत धरण्यात आले होते. गृहीतक कागदावर चांगले दिसते. प्रत्यक्षात काय घडले ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नमूद आहे. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना बहाल करण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांचा काळ पूर्ण केला आणि मार्च २०२३ मध्ये, साहाय्य संपल्यानंतरही, चालू राहिलेले मार्ग होते अवघे ५४. शंभर मार्गांमागे सात! एखाद्या सहकारी पतपेढीची वसुली अशी असती, तर तिच्यावर प्रशासक नेमला गेला असता.

सरकारची बाजू सांगणारे आकडेही आहेत आणि ते खोटे नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पी भाषणात या योजनेतून ८८ विमानतळ जोडले गेल्याचे, ६१९ मार्ग कार्यान्वित झाल्याचे आणि दीड कोटी लोकांनी प्रवास केल्याचे सांगण्यात आले. पण ‘कार्यान्वित झाले’ आणि ‘चालू आहेत’ यांतले अंतर सरकारी गद्यात फार सहज ओलांडले जाते. उद्घाटनाच्या फिती मोजल्या तर पहिला आकडा मिळतो, स्थानिक प्रवाशाला विचारले तर दुसरा.

जळगावचेच उदाहरण घेता येईल. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते २०१२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यानंतर नियमित प्रवासी विमानाची वाट पाहण्यात पाच वर्षांहून अधिक काळ गेला. २३ डिसेंबर २०१७ रोजी ‘एअर डेक्कन’चे अठरा-एकोणीस आसनांचे छोटे विमान मुंबईसाठी निघाले. याच नावाच्या कंपनीने २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या नेतृत्वाखाली देशाला स्वस्त विमान प्रवासाची चटक लावली होती, त्यामुळे जळगावकरांच्या अपेक्षा उंचावल्या असल्यास नवल नाही. सेवा अडखळत चालली आणि थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘ट्रूजेट’ने त्याच मार्गावर एटीआर विमान आणले. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या धक्क्यात, एअर डेक्कनने कामकाज बंद केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची उड्डाणेही थांबली. नांदेडहून एप्रिल २०१७ मध्ये हैदराबादला गेलेले ते पहिले विमानही ट्रूजेटचेच होते. २०२४ मध्ये नांदेडला ‘स्टार एअर’ आणि जळगावला गोव्यातील ‘फ्लाय ९१’ आल्यावर पुन्हा नव्याने सुरुवात झाली. धावपट्टी तीच, इमारत तीच, प्रवासीही तेच. कंपनी मात्र दर काही वर्षांनी नवी आणि प्रत्येक वेळी स्वागताला पाण्याच्या फवाऱ्यांची कमान.

या पुनरावृत्तीचा दोष केवळ कंपन्यांच्या नियोजनावर टाकता येत नाही, कारण छोटे उड्डाण हा मुळातच महागडा व्यवहार आहे. प्रवाशाला वाटते, अंतर निम्मे म्हणून खर्चही निम्मा. विमानाचे गणित तसे नसते. उड्डाण आणि चढण यांतच इंधनाचा मोठा वाटा जळतो, आणि पाऊण तासाच्या प्रवासात विमान चढणे आणि उतरणे यांखेरीज दुसरे काही फारसे करीतच नाही. सत्तर प्रवाशांच्या विमानाला दोन वैमानिक लागतात आणि १८० प्रवाशांच्या विमानालाही दोनच. दर उतरणीनंतर अर्धा तास विमान जमिनीवर थांबते. त्या अर्ध्या तासात ते काही कमावीत नाही, परंतु त्याचे भाडे, बहुधा डॉलरमधील, चालूच राहते. सुरक्षा शुल्क अडीच तासांच्या प्रवाशाला जेवढे, तेवढेच पाऊण तासाच्याही प्रवाशाला. इंधनावर छोट्या विमानतळावर एक टक्का कर असला, तरी तेच विमान मुंबईत इंधन भरू लागले की निराळा दर लागू होतो. महाराष्ट्राने मुंबई, पुणे आणि रायगडमधील हा कर २०२३ मध्ये २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला, हे खरे. पण अठरा टक्के ही काही किरकोळ रक्कम नव्हे, आणि विमानाचे इंधन वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने त्याची वजावटही कंपनीला मिळत नाही.

त्यातल्या त्यात सवलती आहेत त्या लहान विमानांना. ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना देशांतर्गत उड्डाणांत उतरणावळ माफ आहे आणि ४० हजार किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकराला केंद्रीय कायद्याने पाच टक्क्यांची मर्यादा घातली आहे. एटीआर-७२ मध्ये सत्तर ते अठ्ठ्याहत्तर आसने का असतात आणि स्टार एअरच्या एम्ब्रेअर-१७५ मध्ये शहात्तरच का, याचे एक कारण या ऐंशीच्या रेषेत सापडते. विमानाचा अंतर्भाग अभियंता आखतो, असा सर्वसाधारण समज असतो. निदान भारतात तरी त्याच्या शेजारी करसल्लागारही बसलेला असतो.

एटीआरचा प्रवास मोठ्या विमानासारखा नाही, आणि त्याची टवाळी करण्याची फॅशन असली तरी ती अनाठायी आहे. चढायचे ते मागच्या दाराने, जमिनीवरून चालत जाऊन, चार-पाच पायऱ्यांनी. सामान पुढच्या बाजूला ठेवलेले असते. डोक्यावरील कप्पे लहान असल्याने एअरबसमध्ये सहज मावणारी पेटी शिडीपाशीच काढून घेतली जाते. पहिल्या रांगेचे आसन हौसेने निवडणाऱ्याला सर्वांत शेवटी उतरावे लागते आणि पंख्यांचा घरघराटही पुढेच अधिक ऐकू येतो. पण दोन-दोन अशी आसनरचना असल्याने कोणालाही मधल्या आसनात अडकून बसावे लागत नाही, बहुतेक विमानांत वरचा वर्ग नसल्याने आमदार आणि मोसंबीचा व्यापारी एकाच रांगेत बसतात, आणि पंख वरच्या बाजूला असल्याने खिडकीतून सह्याद्रीचे कडे, उजनीचे पाणी, उसाचे हिरवे चौकोन स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात, ढगांच्या उंचीवरूनच जावे लागत असल्याने, हादरे बसतात ते बसतातच. एवढ्या वेळात पेलाभर पाण्यापलीकडे काही मिळत नाही आणि कोणाची तक्रारही नसते. साध्या वर्गाचा छोटा प्रवास लोकांनी मनापासून स्वीकारलेला आहे. प्रवासी मिळत नाहीत म्हणून सेवा बंद पडतात, हे स्पष्टीकरण म्हणूनच अर्धवट आहे.

प्रवासी का दुरावतो, हे पाहण्यासाठी घड्याळ आणि रेल्वेचे वेळापत्रक शेजारी ठेवावे लागेल. विमान पाऊण तासात पोहोचते. परंतु तासभर आधी विमानतळावर हजर राहणे, उतरल्यावर सामानाची प्रतीक्षा, मुंबईतील रस्ते हे सारे धरले तर घरापासून कार्यालयापर्यंत चार तास जातात. कोल्हापूरहून मुंबईला रात्रभराची महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा सात-आठ तासांचा रस्ता यांच्या तुलनेत चार तास म्हणजे मोठीच बचत आहे. नाशिकहून मात्र ती नाही. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये नाशिक-मुंबई आणि नाशिक-पुणे अशी विमाने सुरू करण्यात आली होती! ती टिकली नाहीत, आणि टिकायला नकोच होती. त्याच ओझरच्या धावपट्टीवरून दिल्ली, बंगळूर, हैदराबादच्या सेवा मात्र रुजल्या, कारण तेथे रेल्वे विमानाशी स्पर्धा करू शकत नाही. दरम्यान, जमिनीवरचा प्रवासही स्थिर राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत साडेसहा तासांत धावते. मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. मुंबईकडे तोंड करून बसलेल्या प्रत्येक छोट्या विमानमार्गाची बाजारपेठ त्यामुळे थोडी थोडी आकसते आहे. ज्या शहरांमधला रेल्वेप्रवास लांबचा आहे, तेथे मात्र विमानाला जागा आहे. जळगाव ते गोवा, कोल्हापूर ते तिरुपती, नांदेड ते पंजाब ही ती उदाहरणे. हजूर साहिबला येणारे शीख भाविक आणि तिरुपतीला जाणारे कोल्हापूरकर, दोघेही विमान दोन्ही दिशांनी भरून देतात. मुंबईतील बैठकीला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा प्रवासी तसे करीत नाही.

चिपीची गोष्ट याहून बोलकी आहे. सिंधुदुर्गचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला तेव्हा व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकत्र होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्यांनी एकमेकांना मारलेल्या टोल्यांखेरीज दुसरे फारसे काही नव्हते. प्रवाशाचा विषय त्या दिवशी मागेच पडला. अलायन्स एअरचे मुंबई-सिंधुदुर्ग विमान सुरू झाले, गणपती आणि शिमग्याला भरून जाऊ लागले, कधी हवामानामुळे, कधी अन्य कारणाने रद्दही होऊ लागले. चाकरमान्याने सुट्टी टाकून, तिकीट काढून, गावी मोटार सांगून ठेवावी आणि आदल्या रात्री भ्रमणध्वनीवर रद्द झाल्याचा संदेश यावा, असे दोनदा घडले की तिसऱ्यांदा तो कोकण रेल्वेचेच आरक्षण करतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षे भरली आणि ही सेवा थांबली. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, सीमेपलीकडे गोव्यातील मोपा विमानतळ सुरू झाला होता. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर आणि तेथून दिवसभरात अनेक विमाने. तिकीट थोडे महाग पडले तरी एक चुकले तर दुसरे आहे, ही खात्री त्याला तेथे विकत मिळते.

सोलापुरात तर विमानासाठी एका साखर कारखान्याची चिमणी पाडण्यात आली. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ही उंच चिमणी होटगी रस्त्यावरील धावपट्टीच्या मार्गात येत होती. वर्षानुवर्षे न्यायालयीन वाद, मोर्चे, उपोषणे झाल्यावर १५ जून २०२३ रोजी ती जमीनदोस्त झाली. शहर त्या प्रश्नावर अक्षरशः दुभंगले होते. एका बाजूला ऊस उत्पादक सभासद, दुसऱ्या बाजूला विमानसेवेशिवाय उद्योग येणार नाहीत असे म्हणणारे नागरिक. चिमणी पडल्यानंतर पंधरा महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०२४ ला, विमानतळाचे उद्घाटन झाले. पहिले प्रवासी विमान निघायला ९ जून २०२५ उजाडले आणि तेही मुंबईला नव्हे, गोव्याला. मुंबईची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी स्टार एअरने सुरू केली आणि तिच्यातील तफावतीचा भार राज्य सरकारने उचलला. ज्या शहराने विमानासाठी एवढी किंमत मोजली, त्याला ही सेवा किती काळ राहील याचे उत्तर मागण्याचा अधिकार आहे. ते उत्तर सोलापूरला कोणी लेखी दिलेले नाही.

मुंबईत उतरण्याची वेळ मिळणे, हा यातील आणखी एक अडसर. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. त्यात एटीआरचा वेग कमी. मोठ्या विमानामागून येताना हवेतील भोवऱ्यांपासून बचावासाठी त्याला अधिक अंतर राखावे लागते. ज्या मिनिटांत १८० प्रवासी उतरले असते, तेथे सत्तर उतरतात. व्यापारी हिशेबाने पाहिले तर विमानतळचालक आणि मोठ्या कंपन्या छोट्या विमानाला सकाळी आठची वेळ का देतील? म्हणून ती मिळते दुपारी, आडवेळी. सकाळी मुंबईत पोहोचून संध्याकाळी परतू इच्छिणाऱ्याला दुपारचे विमान निरुपयोगी असते. मग आसने रिकामी राहतात आणि ‘मागणी नाही’ असा शेरा कागदावर पडतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि पहिल्या चार कंपन्यांत स्टार एअर ही प्रादेशिक कंपनीही होती, ही समाधानाची बाब. नव्या धावपट्टीवर अजून गर्दी नाही तोवरच राज्यातील छोट्या शहरांसाठी सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा कायमच्या राखून ठेवल्या, तर पुढे भांडावे लागणार नाही. एकदा मोठ्या कंपन्यांनी त्या व्यापल्या की सांताक्रूझचीच पुनरावृत्ती होईल.

आणि विमान रद्द झाले तर? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास कंपनीने परतावा अथवा पर्यायी प्रवासासोबत भरपाईही द्यायची असते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून लांबच्या प्रवासाला १०,००० रुपये. किंवा मूळ भाडे व इंधन अधिभार यांची बेरीज, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. हवामान वा तत्सम अपवादात्मक परिस्थिती असेल तर तेवढीही नाही. या नियमामागे एक साधा समज आहे की लांबच्या प्रवाशाचे नुकसान अधिक आणि जवळच्याचे कमी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मुंबई-दिल्लीचा प्रवासी दोन तासांनी सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसू शकतो. अमरावतीच्या प्रवाशाचे सोमवारचे विमान रद्द झाले तर पुढचे थेट बुधवारी. टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळालेला रुग्ण, मुलाखतीला निघालेला पदवीधर, उच्च न्यायालयात तारीख असलेला अशील यांना दोन-अडीच हजारांचे मूळ भाडे भरपाई म्हणून मिळाल्याने काय साधते? स्वस्त तिकीट असल्याने भरपाईही स्वस्त, असा हा न्याय आहे. शिवाय कंपनीच्या दृष्टीने विचार केला तर, जेव्हा विमान कमी पडते तेव्हा रद्द करायला सर्वांत सोयीचे उड्डाण कोणते, याचेही उत्तर हाच तक्ता देऊन ठेवतो.

लहान कंपन्यांची अगतिकताही येथे मान्य करायला हवी. ज्यांच्याकडे मोजकीच विमाने, त्यांचे एक विमान सुट्या भागासाठी अडकले की वेळापत्रकाचा मोठा तुकडा गळून पडतो. एटीआरवर तास भरले की वैमानिक एअरबसकडे जातो, कारण तेथे पगार अधिक आणि भविष्यही. लहान विमानतळांवर उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची पुरेशी सोय नसेल, तर धुके वा पावसात विमान वरून घिरट्या घालून परत जाते. यापूर्वी सरकारनेच चालविलेल्या ‘वायुदूत’चा अनुभवही वेगळा नव्हता. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीने डॉर्निअरसारखी छोटी विमाने देशातील अनेक दुर्लक्षित गावांना नेली, तोट्यात रुतली आणि नव्वदच्या दशकात इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन होऊन नाहीशी झाली. सिमल्याचा तो पहिला, गाजावाजा झालेला मार्गही २०२० पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत बंदच होता.

आता योजनेची सुधारित आवृत्तीही जाहीर झाली आहे. १२० नवी ठिकाणे आणि दहा वर्षांत चार कोटी प्रवासी, असे उद्दिष्ट २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे. नवी ठिकाणे जोडण्याआधी जुनी का तुटली, याचा हिशेब त्यात असायला हवा. साहाय्य दिले जाते ते आसनांच्या दराकडे पाहून. त्यातला काही हिस्सा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी विमान सोडण्याशी बांधला, तर कंपनीला रद्द करणे महाग पडेल. तीन वर्षांनंतर एकदम हात काढून घेण्याऐवजी चौथ्या-पाचव्या वर्षी उतरत्या क्रमाने साहाय्य चालू ठेवता येईल. आणि नाशिक-मुंबईसारखे रस्त्यानेच जाणे शहाणपणाचे असलेले मार्ग नकाशातून वगळले, तर त्यासाठी लागणारा पैसाही उभा राहील. भरपाईचा तक्ता उड्डाणाच्या मिनिटांवरून नव्हे, तर पुढचे विमान किती तासांनी आहे यावरून ठरविणे हे तर केवळ नियमात एक दुरुस्ती करण्याएवढे काम आहे. त्याला निधीही लागत नाही. लोकप्रतिनिधींनीही आपल्या जिल्ह्यात विमानतळ आणल्याचे श्रेय घेताना त्यावरून वर्षभरात किती विमाने प्रत्यक्ष सुटली, हे फलकावर लिहायला हरकत नाही.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा १६ एप्रिल २०२५ रोजी, आठवड्यातून तीन दिवस, सुरू झाली. पहिल्या विमानात बसायला मिळावे म्हणून झालेली धडपड वऱ्हाडाने पाहिली आहे. नेहमीचीच मुदत धरली, तर तिची तीन वर्षे एप्रिल २०२८ मध्ये भरतील. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस दररोज संध्याकाळी सुटते आणि तिच्या प्रतीक्षा यादीत बेलोऱ्याचे विमान सुरू झाल्यानंतरही फारसा फरक पडलेला नाही.